शितावरून

ओउलूत नोव्हेंबरमध्ये दुपारी तीनला दिवे लागतात.
हिल्क्का वार्तियाइनेन तेव्हा दुसरी कॉफी घेते
आणि कंपायलरच्या त्या खोलीत शिरते
जिथे न लिहिलेलं ओळखायचं असतं.

यादीत तीन आकडे टाका,
तो म्हणतो, आकड्यांची यादी.
एकच शब्द टाका, तो म्हणतो, शब्दांची.
शितावरून भाताची परीक्षा,
याहून मोठी विद्या त्याला कुणी शिकवली नाही.
आकडा आणि शब्द शेजारी बसवले
तर दोघांचा समाईक पूर्वज शोधत वर वर जातो,
पार छपरापर्यंत,
आणि तिथून सांगतो: काहीतरी.
काहीतरींची यादी.

आज ऑर्हूसहून तक्रार आहे.
"यादी रिकामी आहे, मान्य.
पण खाली चौथ्या ओळीत मी तिच्यात तारखा भरतोय.
आंधळ्यालाही दिसेल."

दिसेलही.
कंपायलर मात्र एक विधान संपलं
की मागे कडी लावतो.
चौथी ओळ त्याच्याकडे अजून उजाडलेली नसते
आणि भांड्यात शीतच नाही.

हिल्क्का लिहिते:
तुम्ही शेवट ठाऊक असताना सुरुवात लिहिलीत,
म्हणून तुम्हाला ती उघड वाटते.
वाचते. खोडते. फार टोचेल.

गेल्या वर्षी तिने पुढे बघायला शिकवलं होतं त्याला.
अकरा आठवडे.
तो खरंच शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन यायचा,
एकेका फाइलला चाळीस मिनिटं,
आणि चूक सातव्या ओळीत असली
तर बोंब तीनशेबाराव्या ओळीत.
आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.
तिने ते सगळं स्वतःच्या हातांनी काढून टाकलं.
इल्पो म्हणाला, निदान एक प्रत ठेव.
नाही ठेवली.

तिच्या घरात जिन्याखाली एक खोका आहे.
इथे बाळाच्या आधी खोका येतो, सरकारकडून.
पुठ्ठ्याचा, मजबूत, तळाशी गादी,
अंगडी, लोकरीचे मोजे, आणि रंग असे
की मुलगा का मुलगी हे कुणी विचारलेलं नाही.
विचारायला शब्दही नाही तसा:
तिच्या भाषेत तो आणि ती
एकाच सर्वनामात राहतात.

अडतं ते माझं.
मराठीत क्रियापद लिंग मागतं,
दिल्याशिवाय वाक्य पुढे सरकू देत नाही.
पोटातल्याला आम्ही 'ते' म्हणतो,
ते हललं, ते झोपलं असेल,
आणि मग एक दिवस ते
आला किंवा आली होतं.

हिल्क्काचं
ते राहिलं.

सहा वर्षं झाली. मोजे बहिणीकडे गेले, अंगडीही.
गादी कुत्र्याने नेली, तिला त्याचं बरंच वाटलं.
खोका तेवढा आहे.

ऑर्हूसला शेवटी दोनच ओळी गेल्या:
प्रकार तुम्हीच लिहा, नावाशेजारी.
एकदा लिहिलात की तो पुन्हा विचारणार नाही.
खाली तिची सही, आणि
उगाचच, 'थंडी कशी आहे तिकडे?'

शनिवारी ती घर बदलते.
इल्पो मदतीला आला, भावासकट, भाड्याची व्हॅन घेऊन.
प्रत्येक खोक्यावर तो जाड पेनने लिहितो:
भांडी. वायरी. हिवाळी बूट. पुन्हा वायरी.
जिन्याखालचा उचलताना तो तोल जाऊन मागे गेला,
इतका हलका.

"हा कशाचा?"

भाऊ दार उघडं धरून उभा,
बर्फाचा वारा थेट स्वयंपाकघरापर्यंत.
हिल्क्काने पेन मागून घेतलं,
टोपण दातांनी काढलं,
आणि खोका आपल्याकडे वळवला,
ज्या बाजूला काही लिहिलेलं नव्हतं ती बाजू.